सपाट जमिनीवरचा पूल

कतारमध्ये डोंगर नाही. औषधालाही नाही. शहराबाहेर लांब गेलं तर वाळूची टेकाडं दिसतात, आणि शहरात सगळ्यात मोठा चढ म्हणजे फ्लायओव्हर. अशा जागी बसून कैवल्य ज्वालामुखीचा नकाशा करतोय, हे त्याचा रूम पार्टनर हरिदास याला काही केल्या पटत नव्हतं.

दोघं दोह्याच्या अल मुंतझा भागात एका जुन्या बिल्डिंगीत राहायचे. हरिदास बीडकडचा, एका कंपनीची बस चालवायचा. कैवल्य अकोले तालुक्यातला, नकाशे करणाऱ्या ऑफिसात.

"मंजी डोंगुर तिकडं आन् तू हिकडं," हरिदास कांदा चिरता चिरता म्हणाला.

"हो."

"पाह्यलाय का कधी?"

"फोटोत."

"मंग तो फुटल्यावर कुनाच्या घरात घुसनार, हे तुला हितून कसं कळनार?"

"सॅटेलाइटवरून जमिनीची उंची मिळते. उंची कळली की उतार कळतो. लाव्हा काय, राखेचा चिखल काय, उतार दिसेल तिकडंच जाणार."

"आमच्या म्हशी बी तशाच," हरिदास म्हणाला आणि कांदा तेलात टाकला.

कैवल्य हसला. खरं तर इतकं सोपं नव्हतं, पण फार अवघडही नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

कैवल्यकडं मोठी डिग्री नव्हती. डिप्लोमा अर्धवट सोडून तो सर्व्हेच्या साइटवर मापाची पट्टी धरायला म्हणून दोह्यात आला. पहिली काही वर्षं बिरकत अल अवामेरच्या मजुरांच्या कॅम्पात काढली. तिथं बंकवर पडल्या पडल्या मोबाइलवर व्हिडिओ बघून नकाशाचं सॉफ्टवेअर शिकला, मग थोडं प्रोग्रॅमिंग शिकला. शिकवणारं कोणी नव्हतं, त्यामुळं चुकलं तर रागावणारंही कोणी नव्हतं. चुकत चुकत जमलं.

ऑफिसात त्याचं नाव झालं ते एका स्क्रिप्टमुळं. त्या स्क्रिप्टला त्यानं नाव दिलं होतं 'गाळणी'.

दोह्यात पाऊस कधीतरी पडतो, पण पडला की अंडरपास भरतात. कुठं पाणी साचेल याचे नकाशे त्यांचं ऑफिस करायचं. अडचण अशी की दोह्यात सदानकदा खोदकाम. आज इथं टॉवरच्या पायाचा खड्डा, उद्या तिथं पाइपलाइनचा चर. सॅटेलाइटला हे सगळे खड्डे दिसतात आणि कॉम्प्युटर इमानदारीत पाणी त्या खड्ड्यांत सोडतो. चार महिन्यांनी बघावं तर खड्डा बुजलेला आणि वर पार्किंग. मग नकाशा खोटा. कैवल्यची गाळणी काय करायची, जिथं जमीन अचानक खाली गेलीय आणि जागा अरुंद आहे, ते सगळं खोदकाम समजायची आणि बुजवून टाकायची. जमीन कशी गुळगुळीत व्हायची. आधी जे काम करायला दोन माणसं हातानं खड्डे शोधत बसायची, ते एका क्लिकवर होऊ लागलं. त्यावरच कैवल्यला टेबल-खुर्ची मिळाली. प्रोबेशनवर का होईना.

मग हे ज्वालामुखीचं काम आलं. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात एक छोटं बेट, मधोमध ज्वालामुखी, खाली किनाऱ्यानं गावं. दोह्यातल्या एका मदत संस्थेनं पैसे दिले होते. डोंगर धुमसायला लागला तर लोकांनी कुठं पळायचं, याचा नकाशा हवा होता. लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचा पट्टा, मग केशरी, मग पिवळा, आणि हिरवा म्हणजे सुरक्षित. लाव्हा तिथं सावकाश येतो, माणूस चालत पुढं जाऊ शकतो. खरी भीती चिखलाची. डोंगरावर राख साठते, वर धो धो पाऊस पडतो, आणि दगडधोंड्यांसकट चिखलाचा लोंढा खाली सुटतो. त्याच्यापुढं कोणी पळू शकत नाही.

कामाच्या प्रमुख होत्या विभावरी मॅडम, पुण्याच्या. दख्खनच्या दगडावर त्यांची पीएच.डी. त्या स्वतःच म्हणायच्या, "माझा लाव्हा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालाय. गरम लाव्हा मलाही नवाच." पण त्यांनी अभ्यास केला, जगभरचे पेपर वाचले, चिखलाचं मॉडेल बसवलं. उंचीचा डेटा साफ करून द्यायचं काम कैवल्यचं. त्यानं नेहमीप्रमाणं गाळणी लावली, डेटा गुळगुळीत केला आणि दिला.

मॉडेल चाललं. बांदाजू नावाच्या गावातली शाळा हिरव्यात आली. गावात तीच एक पक्की, स्लॅबची इमारत. सगळ्यांना आनंद झाला. डोंगर बिघडला की आजूबाजूच्या गावांनी या शाळेत जमायचं, असं ठरलं. कच्चा नकाशा बेटावर पाठवला. पक्का नकाशा शनिवारी जायचा होता, आणि रविवारी तिथले मंत्री शाळेत येऊन तो जाहीर करणार होते. रेडिओवरूनसुद्धा.

गुरुवारी दुपारी सैफचा व्हिडिओ आला.

सैफ बेटावरचा. आधी बरीच वर्षं दोह्यात वॉचमन होता, त्यामुळं त्याची हिंदी अस्सल गल्फची होती. बाई-पुरुष, काल-उद्या सगळं एकाच मापात. आता तो तिथल्या आपत्कालीन ऑफिसात होता आणि बेटावरची सगळी माहिती कैवल्यला पाठवायचा. व्हिडिओत चार-पाच जण एका पुलाच्या कठड्याला निळा रंग देत होते. मागं शाळा दिसत होती. सैफ बोलत होता, "देखो भाई, मिनिस्टर आएगा, तो सब पेंट मारता है. अच्छा है ना?"

कैवल्यनं थम्सअप पाठवला आणि व्हिडिओ बंद केला. पोस्टरसाठी त्यातला एखादा फोटो घेता येईल म्हणून पुन्हा उघडला. फ्लायओव्हरचा कठडा छान निळा दिसत होता.

फ्लायओव्हर.

तो थांबला. अख्ख्या बेटावर एक डांबरी रस्ता. गाड्या मोजक्या. तिथं फ्लायओव्हर कोण कशाला बांधेल? मनात तो शब्द इतका सहज आला होता, की त्याला स्वतःचंच नवल वाटलं. दोह्यात राहून राहून पूल म्हटलं की खालून दुसरा रस्ता जाणार, असंच डोक्यात बसलेलं. आणि हा माणूस जन्मला कुठं, तर अकोले तालुक्यात, जिथं पूल म्हणजे खाली ओढा.

त्यानं नकाशा उघडला. शाळेच्या शेजारी जमीन सपाट. ताटासारखी. सपाट जमिनीवर पूल असायचं काही कारण नव्हतं.

मग त्यानं गाळणी लावायच्या आधीचा, कच्चा डेटा उघडला. डोंगराच्या खांद्यावरून एक काळी रेघ निघाली होती. अरुंद, वाकडीतिकडी, पण कुठंही न तुटता ती सरळ बांदाजूपर्यंत आली होती, शाळेला घासून गेली होती आणि समुद्रात उतरली होती. घळ. चांगली खोल घळ. गाळणीनं ती पाइपलाइनचा चर समजून बुजवली होती. ती बुजवल्यावर मॉडेलला चिखल न्यायला वाटच राहिली नाही, म्हणून त्यानं सगळा चिखल पलीकडच्या रुंद दरीत सोडून दिला होता.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. गाळणीनं काय काय बुजवलं, याचं चित्र त्यानं तेव्हा पाहिलं होतं. त्यात अशा बऱ्याच लांब लांब रेघा होत्या. त्या बघून तो खूश झाला होता. किती कचरा निघाला, असं वाटलं होतं त्याला.

ऑफिस हळूहळू रिकामं झालं. गुरुवार, म्हणजे आठवडा खलास. विभावरी मॅडम लवकरच गेल्या होत्या. कैवल्य स्क्रीनसमोर बसून राहिला.

खोटं कशाला, त्याच्या मनात आलं की गप्प बसावं. शनिवारी नकाशा जाऊ दे. महिन्याभरात प्रोबेशन संपेल. मग हळूच 'व्हर्जन टू' काढू, 'सुधारित डेटा मिळाला' असं लिहू. डोंगर काय उद्याच फुटत नाही. ऑफिसात अशी व्हर्जन टू कितीतरी निघतात.

त्यानं सैफला फोन लावला. नक्की करून घेऊ, एवढंच.

"पुल के नीचे क्या है?"

"नीचे? कुछ नहीं. खाली है. केला लगाया आदमी लोग."

"पानी आता है?"

"बारिश में आता है. बहुत आवाज करता है. क्यों?"

"ऐसे ही."

"तुम टेन्शन नहीं लो भाई. स्कूल ग्रीन है ना? मेरा अम्मा को भी ऊपर से इधर लाया मैं. टीचर का रूम खाली था, उधर रखा. तुम्हारा मॅप देखके लाया. शुक्रन भाई, सच्ची."

कैवल्यनं "इन्शाल्ला" म्हटलं आणि फोन ठेवला. इन्शाल्ला कशाला म्हटलं, ते त्यालाही कळलं नाही.

त्या रात्री तो जेवला नीट, झोपलाही. सकाळी उठल्यावर मात्र हरिदासला म्हणाला, "मला मदिनत खलीफाला सोड. मॅडमच्या घरी."

"सुट्टीच्या दिशी? काय घोळ घातला?"

"घातलाय."

"लई मोठा?"

"नकाशात एक घळ बुजवली मी."

हरिदासनं मित्राच्या गाडीची किल्ली घेतली. शुक्रवारी सकाळी रस्ते मोकळे असतात. एका सिग्नलला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते."

"मंग मी भाईरच थांबतो. रडत आलास तर बसनं येऊ नको."

विभावरी मॅडमच्या घरी पोह्यांचा वास होता. दार त्यांच्या मुलीनं, गार्गीनं उघडलं. ती शाळकरी होती.

"आई आहे का?" कैवल्यनं विचारलं.

"शी इज ऑन अ कॉल विथ आजी," गार्गी म्हणाली आणि आत ओरडली, "ममा, युवर ऑफिस हॅज कम."

मॅडम बाहेर आल्या. कैवल्यच्या हातातला लॅपटॉप बघून त्यांनी डायनिंग टेबलावरची पोह्यांची डिश बाजूला सरकवली. "बस. काय झालंय?"

कैवल्यनं सांगितलं. आधी पूल आणि त्याखालची केळी, मग काळी रेघ, मग गाळणी. मधे त्यांनी एकदाही टोकलं नाही. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून बघत राहिल्या. मग चष्मा काढला.

"तू हे तपासलं होतंस ना? काय बुजलं ते?"

"पाहिलं होतं. खोदकाम वाटलं."

"ज्वालामुखीवर कोण खोदणार आहे, कैवल्य? मेट्रो?"

कैवल्यनं काळी रेघ स्क्रीनवर अजून मोठी केली.

"आणि मीही तुझ्या डेटावर सही केली," त्या म्हणाल्या. "ई-मेलमध्ये मीच लिहिलंय, नेहमीची क्लीनिंग लावून दे म्हणून. ज्वालामुखीवर घळी असतात हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. नकाशात एकही अरुंद घळ नाही, हे माझ्या डोळ्यांना खटकायला हवं होतं. इथं राहून डोळ्यांना सपाटीची सवय लागते." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "पण एक सांग. ही घळ किती खोल आहे?"

"कच्च्या डेटात दिसतेय तेवढी."

"ते खरं नाही. तुझा सैफ म्हणतो तिथं केळी आहेत, झाडं आहेत. सॅटेलाइटला झाडांचे शेंडे दिसतात. जमीन त्याच्या खाली. घळ उथळ असेल तर चिखल काठावर चढून शाळेत शिरेल. खूप खोल असेल तर कदाचित आतल्या आत निघून जाईल, शाळा वाचेल. दोन्ही होऊ शकतं. मी आपल्या ऑफिसच्या साहेबांना फोन करून मंत्र्यांचा कार्यक्रम थांबवा म्हणणार, तर मला अंदाज नको. खरी खोली सांग."

हे कैवल्यच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानं तिथूनच सैफला फोन लावला आणि पुलावरून दोर खाली सोडायला सांगितला. सैफला वाटलं चेष्टा चाललीय.

"आज जुम्मा है भाई. नमाज का टाइम है."

"नमाज के बाद. सैफभाई, स्कूल का कलर शायद गलत है."

तिकडं कोणाला तरी दोराचं विचारलेलं ऐकू आलं. मग सैफ म्हणाला, "यल्ला. जाता है मैं."

तोवर मॅडमनी पोहे वाढले. "खा. उपाशी माणूस अजून चुका करतो." हरिदासलाही आत बोलावलं. तो संकोचत सोफ्याच्या कडेवर बसला. गार्गीनं त्याला विचारलं, "आर यू अल्सो इन मॅप्स?"

"न्हाई ताई. मी बस चालवतो. मला रस्ता सुपरवायझर सांगतो."

गार्गीला मराठी कळत होती. ती खुदकन हसली आणि आपल्या खोलीत गेली.

दुपारी सैफचा व्हिडिओ आला. विहिरीचा दोर, टोकाला दगड बांधलेला. दोर संपला तरी दगड टेकला नाही. मग कोणीतरी होडीचा दोर आणून जोडला. तेव्हा कुठं केळीच्या पानांतून दगड आपटल्याचा आवाज आला. सैफनं दोरावर गाठ मारली आणि मोजून आकडा पाठवला. दुसरा दगड त्यानं शाळेच्या बाजूला सोडला. तिथं काठ बराच खाली होता. पूल बांधताना त्या बाजूचा काठ तोडून रस्ता उतरवला होता.

मॅडम ते बघून म्हणाल्या, "म्हणजे घळ खोल आहे, पण नेमकी शाळेपाशी फुटकी आहे."

कैवल्यनं गाळणी काढून टाकली. घळीचा तळ खाली नेला, तोडलेला काठ घातला, मॉडेल पुन्हा चालू केलं. लॅपटॉपचा पंखा घोंघावत राहिला. चिखल डोंगराच्या खांद्यावरून निघाला, घळीत शिरला, वळणं घेत खाली आला. पुलाखाली पोचला आणि तोडलेल्या काठातून डावीकडं सांडला. शाळा लाल झाली. शिक्षकांच्या खोल्याही लाल.

हरिदास मागून वाकून बघत होता. तो फक्त म्हणाला, "हं."

मॅडमनी साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. साहेब आधी चिडले, मग शांत झाले, मग म्हणाले, "रविवारचं होऊ दे. नकाशाखाली एक तळटीप टाकू या. नंतर दुरुस्त करू."

"तळटीप रेडिओवर कोण वाचणार, सर?"

"विभावरी, हे आपल्या रेप्युटेशनचं आहे."

"लोक त्या शाळेत जमणार आहेत सर. आपण सांगितलंय म्हणून जमणार आहेत. माझी सही त्यावर जाणार नाही." मॅडमचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "संस्थेला मी आजच कळवते. तुम्ही कळवलंत तर जास्त बरं दिसेल."

शेवटी साहेब म्हणाले, "मी कळवतो. त्या मुलाचं नाव काय?"

"ते रविवारी बोलू," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद केला. कैवल्यकडं न बघता त्या म्हणाल्या, "तुझ्या कन्फर्मेशनचं आज मला विचारू नकोस. सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. सगळ्या घळी परत बघायच्यात. एक बुजली म्हणजे अजून बुजल्या असणार."

तशा बुजल्याच होत्या. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा दिवस दोघं त्या टेबलावरच होते. हिरवा रंग कमी कमी होत गेला. बांदाजूच्या वर एका सोंडेवर लवंगा वाळवायचं पटांगण होतं, ते तेवढं हिरवं राहिलं. मॅडमनी ते तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं तपासलं आणि मग त्याच्याभोवती गोल काढला. छप्पर नाही, भिंती नाहीत. तंबू लागतील. संस्था तंबू द्यायला तयार झाली. मंत्र्यांनी कार्यक्रम पुढं ढकलला.

सैफला सांगायचं काम कैवल्यनं स्वतःकडं घेतलं. शनिवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. सैफ शाळेच्या आवारातच होता. मागं एका छोट्या टेम्पोत सामान चढत होतं. कळवायच्या आधीच त्यानं ओळखलं होतं.

"रेड है ना?"

"रेड है. अभी लवंग सुखाने का ग्राउंड ग्रीन है. सॉरी, सैफभाई. मेरा गलती है. मशीन का नहीं, मेरा."

सैफनं खांदे उडवले. "अभी इधर सब आदमी मेरे को पूछता है. कल बोला स्कूल, आज बोला लवंग का ग्राउंड. परसों क्या बोलेगा?" तो रागावलेला होता आणि ते त्यानं लपवलं नाही. "मेरा अम्मा दो बार सामान बांधा. बुड्ढा आदमी है."

टेम्पोच्या मागून एक म्हातारी पुढं आली. डोक्याला रंगीत कापड, हातात पातेलं. सैफला तिच्या भाषेत काहीतरी खडसावून विचारलं आणि फोनकडं बोट दाखवलं.

"पूछता है, मॅपवाला यही है क्या."

"हां, बोलो."

म्हातारी पुन्हा बोलली. सैफनं सांगितलं, "पूछता है, अभी जिधर जाता है, वो पक्का है?"

तोंडाशी आलेलं 'हो' कैवल्यनं गिळलं. विभावरी मॅडम टेबलापलीकडून त्याच्याकडंच बघत होत्या.

"पक्का नहीं बोल सकता," तो म्हणाला. "अभी जितना मालूम है, उसमें वो जगह सबसे अच्छी है. नाला से दूर है, ऊंचा है. फिर भी पहाड़ आवाज करे तो उधर से भी ऊपर देखते रहना. और नया कुछ मालूम पड़ेगा तो मैं पहले तुमको फोन करेगा. मिनिस्टर के पहले."

सैफनं ते तिला सांगितलं. बरंच लांबवून सांगितलं. म्हातारीनं पातेलं काखेत धरून सगळं ऐकून घेतलं, फोनमधल्या कैवल्यकडं एकदा निरखून पाहिलं, दोन-चार शब्द बोलली आणि टेम्पोकडं वळली.

"क्या बोला?"

"बोला, ठीक है," सैफ म्हणाला. "बोला, पहले मुर्गी चढ़ाओ, बाकी सामान बाद में."